चालत जाण्याएवढं जग

रूनस्केप या ऑनलाइन खेळात ९९ चे निम्मे ९२ होतात. कुठल्याही कौशल्याची ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, लागतात, आणि त्यातले निम्मे जमतात तेव्हा पडद्यावर आकडा दिसतो ९२. साधारण दर सात लेव्हलमागे कष्ट दुप्पट होत जातात. मासे पकडा, झाडं तोडा, लोखंड वितळवा, हिशेब तोच. गॉवर भावांनी जानेवारी २००१ मध्ये हा खेळ इंटरनेटवर आणला. त्याच्या जुन्या रूपात, ओल्ड स्कूल रूनस्केपमध्ये, हा तक्ता आजही जसाच्या तसा आहे.

तक्त्याच्या आजूबाजूचं मात्र खूप काही बदललं. तेवढेच एक्सपी आता किती लवकर मिळतात, एका गावाहून दुसऱ्या गावाला जायला किती वेळ लागतो, मेल्यावर सामानाचं काय होतं, दुसऱ्या माणसाशी एक शब्दही न बोलता किती पुढे जाता येतं. जुन्या ऑनलाइन खेळांविषयी बोलताना बहुतेक जण 'तेव्हा अवघड होतं, आता सोपं करून टाकलं' एवढ्यावर थांबतात. मला ते अपुरं वाटतं. त्या खेळांतली बरीचशी अडचण इतर माणसांमुळे होती आणि त्या अडचणीवरचा उपायही इतर माणसंच होती. माणसं विरळ झाली की अडचण राहते आणि उपाय जातो. खेळ चालवणाऱ्यांपुढचा खरा पेच तिथून सुरू होतो.

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या लॅबमध्ये काहीही इन्स्टॉल करायला मनाई होती. रूनस्केपला त्याची गरजच नव्हती, जावा असलेला ब्राउझर पुरायचा. सगळ्या लॅबमध्ये वाटलेलं नेट अगदी हळू असे, तरी खेळ अडखळत नसे. त्याचं कारण मला फार नंतर कळलं. या खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं. सर्व्हर दर ठोक्याला एकदाच सगळ्यांनी काय केलं ते पाहतो आणि निकाल लावतो. आपली क्लिक समुद्रापार जाऊन परत यायला पाव सेकंद जास्त लागला तरी ती बहुतेक वेळा त्याच ठोक्यात बसते. त्यामुळे इंग्लंडातला मुलगा आणि मराठवाड्यातला मुलगा एकाच वेगाने कोळसा खणत. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टची मासिक वर्गणी परकीय चलनात होती आणि आमच्यापैकी कुणाच्या घरी क्रेडिट कार्ड नव्हतं. रूनस्केपचा मोठा भाग फुकट होता. आमच्यासारख्यांना त्या वयात दुसरं एवढं मोठं जग मिळालं नसतं.

त्या जगात चालावं लागे. लॉबस्टर पकडायचे तर मासेमारीची लेव्हल ४० हवी, आणि कारामजा बेटावर जायला हवं. पोर्ट सरीमच्या धक्क्यावर ३० नाणी भाडं देऊन जहाज पकडायचं. बेटाच्या त्या बाजूला बँक नाही. थैलीत खण २८. ते भरले की पुन्हा जहाज, आणि धक्क्यावरून ड्रेनॉरच्या बँकेपर्यंत पायी. वाटेत काळे जादूगार टपलेले असत आणि लेव्हल कमी असेल तर ते सोडत नसत. पळण्याचा दम थोड्या अंतरात संपे आणि मग उरलेली वाट नुसती चालायची. असे खण भरभरून माल साठला की तो घेऊन उत्तरेला वॅरॉक शहरात, पश्चिमेकडच्या बँकेसमोर जायचं. तिथे बाजार भरे.

तो बाजार ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगायला हवा. पडदाभर माणसं दाटीवाटीने उभी आणि प्रत्येकाच्या डोक्यावर पिवळ्या अक्षरांत त्याची आरोळी. वाक्याआधी 'वेव्ह' लिहून विसर्गचिन्ह दिलं की अक्षरं लाटेसारखी हलत, 'ग्लो' लिहिलं की रंग बदलत. आम्ही हे एकमेकांकडून शिकलो. भाव ठरलेले नसत. लॉबस्टरला कुणी जास्त देई, कुणी कमी, कुणी घासाघीस करून शेवटी निघून जाई. देवाणघेवाणीच्या खिडकीत शेवटच्या क्षणी मौल्यवान वस्तू काढून तिच्यासारखीच दिसणारी दुसरी ठेवणारे चोरही असत. माझं बाजारापुरतं इंग्रजी तिथेच धीट झालं. एका फिनिश मुलाने मला कोळसा स्वस्तात दिला आणि पुढे आठवड्यातून एकदा तो माझ्यासाठी माल राखून ठेवू लागला. आमचं त्यापलीकडे काही बोलणं नव्हतं, पण तो लॉग-इन झाला की मला बरं वाटे.

२६ नोव्हेंबर २००७ ला शहराच्या वायव्येला ग्रँड एक्स्चेंज उघडलं. माल ठेवायचा, भाव लिहायचा आणि निघून जायचं. जगात कुठेतरी गिऱ्हाईक मिळालं की पैसे जमा. फसवणूक जवळजवळ संपली, भाव सगळ्यांना दिसू लागले, आरोळ्या देण्यात जाणारा तास वाचला. कुठल्याही मोजमापाने ही सुधारणाच होती. थोड्याच दिवसांत बँकेसमोरची गर्दी ओसरली. कोळसा आता मला कोण विकत होतं ते कळायला मार्ग नव्हता.

त्यानंतर खऱ्या पैशांत चालणारा सोन्याचा व्यापार मोडून काढण्यासाठी डिसेंबरमध्ये वाइल्डरनेस या मोकाट भागातली खेळाडूंची आपसातली लढाई गेली आणि जानेवारीत मुक्त देवाणघेवाणही बंद झाली. २०१२ च्या नोव्हेंबरात लढाईची सगळी पद्धत बदलली. लोक मोठ्या संख्येने सोडून गेले. तेव्हा खेळ चालवणाऱ्या केंब्रिजच्या जॅगेक्स कंपनीने जुन्या खेळाची एक प्रत शोधून काढली. ती ऑगस्ट २००७ ची होती. ती पुन्हा चालू करावी का, असा कौल फेब्रुवारी २०१३ मध्ये मागितला गेला, लाखो लोकांनी हो म्हटलं, आणि त्याच महिन्याच्या २२ तारखेला ओल्ड स्कूल रूनस्केप उघडलं.

ऑगस्ट २००७, म्हणजे ग्रँड एक्स्चेंजच्या तीन महिने आधी. बाजार परत मिळाला होता. पुढे काय झालं ते मला या सगळ्या गोष्टीतलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

या नव्या-जुन्या खेळात नवं काहीही आणायचं असेल तर सभासदांचं मतदान घ्यायचं आणि किमान ७५ टक्के बाजूने पडले तरच ते आणायचं, असा नियम होता. २०२२ मध्ये हा उंबरठा ७० टक्क्यांवर आणला. ज्यांनी जुनं जग मागून घेतलं होतं त्यांनीच मतदान करून फेब्रुवारी २०१५ मध्ये ग्रँड एक्स्चेंज परत आणलं. वरवर हा विरोधाभास वाटेल. पण मधल्या दोन वर्षांत बाजार खेळात उरलाच नव्हता. झायबेझ नावाच्या चाहत्यांच्या संकेतस्थळावर लोक भाव टाकत, तिथेच सौदा ठरवत, आणि खेळात फक्त वस्तू हातात द्यायला भेटत. २००७ मधला मुलगा बँकेसमोर आरोळ्या देई कारण दुसरा मार्गच नव्हता. २०१४ मधल्या त्याच माणसाकडे दुसरा पडदा होता, नोकरी होती, आणि रात्री जेवणानंतरचा थोडा वेळ होता. जुनी प्रत जशीच्या तशी परत आणता आली, पण ती खेळणारी मुलं परत येणार नव्हती.

ग्रँड एक्स्चेंज परत येण्याच्या काही महिने आधी, ऑक्टोबर २०१४ मध्ये, आयर्नमॅन हा प्रकार अधिकृत झाला. हे खातं कुणाशी देवाणघेवाण करू शकत नाही. बाण हवेत तर लोखंड खणायचं, वितळवायचं, झाड तोडायचं, पिसं मिळवायची. काही खेळाडू आपणहून हे नियम पाळत होतेच, कंपनीने त्यांना फक्त खूण दिली. आज ओल्ड स्कूलमध्ये आयर्नमॅन सहज भेटतात. सोय उपलब्ध असताना ती नाकारणारे इतके लोक असतील असं मला कधी वाटलं नव्हतं. मी स्वतः तसं खातं चालवतो, आणि एकेक धागा कातून केलेल्या वस्तूची जी किंमत वाटते ती विकत घेतलेल्या वस्तूची वाटत नाही. पण त्या फिनिश मुलाची जागा ते भरून काढत नाही. आयर्नमॅन ही एकट्याची अडचण आहे. बाजार ही दोघांची अडचण होती. २०२१ मध्ये दोन ते पाच जणांचे गट करून आयर्नमॅन खेळायची सोय आली तेव्हा मला वाटलं, हे आणखी कुणाला तरी जाणवलं असणार.

दोघांची नव्हे, सहा जणांची अडचण पाहायची तर फायनल फँटसी इलेव्हनकडे वळायला हवं. स्क्वेअरने हा खेळ १६ मे २००२ ला जपानमध्ये प्लेस्टेशन २ वर आणला. मी तो शिकायला अमेरिकेत असताना खेळलो, रूममेटच्या खोलीत, त्याच्याच जुन्या मशीनवर. या खेळातली पहिली काही लेव्हल एकट्याने जमत. दहाच्या आसपास ते संपे. मग सगळे वाल्कर्म ड्यून्स नावाच्या वाळूच्या किनाऱ्यावर जात, कारण तिथून पुढे सहा जणांच्या पार्टीशिवाय निभाव नव्हता. मार झेलणारा एक, बरं करणारा एक, बाकीचे मारणारे. आपल्या नावापुढे 'पार्टी हवी' अशी खूण लावायची आणि सेल्बिना या बंदरात बसून राहायचं. पांढऱ्या जादूवाल्याला पटकन बोलावणं येई. तलवारबाजांना तासन्‌तास वाट पाहावी लागे.

पार्टी जमली तरी मेल्यावर एक्सपी जात आणि पुरेसे गेले तर लेव्हलही उतरे. कुणी गॉब्लिनच्या टोळीला डिवचून पळत सुटला की तो सीमेपर्यंत पोचेपर्यंत टोळी त्याच्यामागे, आणि तो सीमा ओलांडून सुटला की टोळीचा राग तिथे बसलेल्यांवर. लोक ओरडून एकमेकांना सावध करत. लेव्हल १८ नंतर दुय्यम पेशा मिळवायची कामगिरी, २० ला चोकोबो पक्ष्यावर बसायचा परवाना. तोवर चालत. जेउनो शहरात पांढरे जादूगार पैसे घेऊन लोकांना जादूने दूरदूरच्या दगडांपाशी पोचवत, आणि तो त्यांचा चांगला चालणारा धंदा होता.

या खेळात जपानी आणि इंग्रजी बोलणारे एकाच सर्व्हरवर होते. त्यासाठी ठरावीक वाक्यांचा एक साठा दिलेला होता. आपण आपल्या भाषेत वाक्य निवडायचं, समोरच्याला ते त्याच्या भाषेत दिसे. त्या मोजक्या तुकड्यांवर अनोळखी माणसं ड्रॅगन मारत. जपानी खेळाडू पार्टीत आले की आधी नमस्कार घालत, जाताना प्रत्येकाला वेगळा. वाट बघण्याचे ते तास मला आजही वाया गेल्यासारखे वाटत नाहीत, कारण त्या तासांत शेजारी बसलेल्या कुणाशी तरी बोलणं होई.

वाड्यातला एकच नळ जसा असतो तशी ही व्यवस्था होती. बिऱ्हाडं भरलेली असताना त्या नळाच्या रांगेत सगळ्या वाड्याची ख्यालीखुशाली कळते. बिऱ्हाडं गेली की पाणी वर न्यायचे फक्त जिने उरतात.

फायनल फँटसी इलेव्हनमध्ये नेमकं तेच घडू लागलं. जुन्या खेळाडूंनी ७५ ही त्या वेळची शेवटची लेव्हल केव्हाच गाठली होती. नवा माणूस ड्यून्सवर येई आणि तिथे कुणीच नसे. २००८ च्या सप्टेंबरात पहिला उपाय आला. पार्टीतल्या मोठ्या लेव्हलच्या माणसाला लहान लेव्हलवर उतरवता येऊ लागलं, म्हणजे मित्राला मित्राबरोबर खेळता येई. मला हा या खेळाने शोधलेला सगळ्यांत सुंदर उपाय वाटतो, कारण तो माणसाला माणसाजवळ आणत होता. पण त्यालाही माणसं हवीतच. डिसेंबर २०१३ मध्ये ट्रस्ट आले. खेळाच्याच कथेतली पात्रं, शांतोत्तोसारखी लाडकी माणसं, संगणकाने चालवलेले साथीदार म्हणून बोलावता येऊ लागली. आधी तीन, पुढे पाच. म्हणजे तुम्ही आणि पाच, पूर्ण सहाची पार्टी.

या निर्णयावर जुने खेळाडू हळहळले आणि मला त्यांची हळहळ समजते. तरीही मी त्या निर्णयाच्या बाजूने आहे, पूर्णपणे. कारण या खेळात एक कथा आहे. २००४ मधला तिचा दुसरा भाग, चेन्स ऑफ प्रोमाथिया, हा अशा खेळांतल्या उत्तम कथांपैकी एक आहे, आणि अनेक वर्षं ती फार थोड्यांनी शेवटपर्यंत पाहिली. तिच्यातल्या कित्येक जागी शिरलं की सगळ्यांची लेव्हल सक्तीने खाली येई, प्रोमिव्हियनमध्ये तर ३० वर. त्यासाठी वेगळं सामान, वेगळी तयारी, आणि एकाच टप्प्यावर असलेले सहा जण लागत. सर्व्हर भरलेले असताना ते कठीण होतं. सर्व्हर रिकामे झाल्यावर ते अशक्य झालं असतं. पुढे ती सक्ती काढली गेली आणि ट्रस्टमुळे एकटा माणूसही ती कथा अनुभवू शकतो. मी ती भारतात परतल्यावर, बऱ्याच वर्षांनी, अशीच संपवली. सेल्बिनाहून मौराला जाणाऱ्या बोटीत गळ टाकून बसायचं, वरच्या डेकवर कुणी नसायचं. तरी कथा भिडली. ती बंद दाराआड ठेवणं मला क्रूर वाटलं असतं.

त्याच वेळी एक गोष्ट लक्षात राहते. ट्रस्टपैकी कुणी उशिरा येत नाही, कुणाचं बाळ रडत नाही, कुणी चुकून टोळी अंगावर आणत नाही. जेवढं पाहिजे तेवढंच ते करतात.

वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्टवर खूप लिहिलं गेलं आहे, त्यामुळे मी थोडक्यात लिहितो. डिसेंबर २००९ मध्ये तिथे डंजन फाइंडर आला. बटण दाबलं की वेगवेगळ्या सर्व्हरवरचे पाच जण एकत्र येत आणि थेट गुहेच्या तोंडाशी पोचत. पूर्वी कुणी वाईट वागला तर सर्व्हरभर त्याचं नाव होई, कारण उद्या पुन्हा त्याच लोकांत त्याला पार्टी मागायची असे. आता उद्या तो दिसणारच नव्हता. वाट पाहण्याचा वेळ वाचला आणि त्याबरोबर लौकिकही गेला. सोयीने नेमकं काय नेलं ते इतकं स्पष्ट दुसऱ्या कुठे दिसलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये याच खेळाची क्लासिक आवृत्ती आली, आणि तिच्यात मला एक वेगळीच गोष्ट दिसली. मूळ खेळात मोल्टन कोअर या गुहेतला रॅग्नारोस हा राक्षस पहिल्यांदा पडायला २००४ च्या नोव्हेंबरपासून सुमारे पाच महिने लागले होते. क्लासिकमध्ये तो आठवड्याच्या आत पडला. जुन्या आकड्यांची निगा राखूनही जुनी अडचण परत आली नाही, कारण तिचा मोठा भाग न माहीत असण्यात होता. कुठलं शस्त्र घ्यायचं, कुठे उभं राहायचं, हे पंधरा वर्षांत कोणीतरी लिहून ठेवलं होतं. २०२३ मध्ये कंपनीने हार्डकोर सर्व्हर उघडले, जिथे एकदा मेलात की पात्र कायमचं गेलं. २००४ मध्ये कुणी असं मागितलं नसतं. सगळं माहीत झाल्यावर भीतीसाठी काहीतरी नवं जोडावं लागलं.

सोय फक्त खेळाच्या म्हातारपणी येते असंही नाही. एव्हरक्वेस्ट हा खेळ १९९९ च्या मार्चमध्ये आला. तिथे मेल्यावर अंगावरचं सगळं सामान प्रेतापाशी राही आणि उघड्या अंगाने तिथपर्यंत पोचून ते परत घ्यावं लागे. तीनच वर्षांनी, २००२ मध्ये, प्लेन ऑफ नॉलेज नावाचं शहर आलं आणि त्यातून जगभर पोचवणारी दारं उघडली. लोकांना इकडून तिकडे नेणारे ड्रुइड आणि विझर्ड त्या दिवसानंतर कमी शोधले जाऊ लागले. चाहत्यांनी चालवलेला प्रोजेक्ट १९९९ हा सर्व्हर अजून जुन्या नियमांवर चालतो, आणि २०१५ मध्ये खेळाच्या मालक कंपनीने त्याला रीतसर परवानगीही दिली. तिथे आजही लोक आपल्या प्रेतापर्यंत धावत जातात.

मेल्यावर सामान जाण्याविषयी मात्र माझं मन कॉलेजातच ठरलं आहे. आमच्याकडे तेव्हा भारनियमन होतं. जुन्या रूनस्केपमध्ये मेलात तर तीन वस्तू तुमच्याकडे राहत, बाकी जमिनीवर पडत, आणि थोड्याच वेळात त्या दुसऱ्या कुणालाही उचलता येत. केंब्रिजमध्ये बसून ज्याने हा नियम लिहिला त्याच्या डोक्यात वाइल्डरनेसमधली बेफिकिरी होती. आमच्याकडे तो नियम दुपारच्या वेळापत्रकाप्रमाणे लागू होई. राक्षसासमोर असताना पंखा थांबला की समजायचं. ती अडचण कौशल्याची नव्हती, आणि तिने मला कुणालाही भेटवलं नाही. २०२० पासून ओल्ड स्कूलमध्ये तुमचं सामान थडग्यात जपलं जातं, आणि तेही चुकलं तर यमाच्या कचेरीत जाऊन दंड भरून सोडवता येतं. हा बदल आला तेव्हा खेळ पोरखेळ झाला म्हणून काहींनी आरडाओरडा केला. ज्यांच्या घरातली वीज कधी जात नाही त्यांना तो नियम न्याय्य वाटला असेल.

अशा बदलांवर मतदान व्हावं हे मला बरोबर वाटतं, त्याच्या मर्यादांसकट. सोडून गेलेले मत देत नाहीत. अजून न आलेलेही देत नाहीत. जे उरले ते आपल्या सवयीचं रक्षण करतात. आणि काही सोयी मतदानाला न येताच घरात शिरतात. रूनलाइट हा बाहेरच्या लोकांनी केलेला मोफत क्लायंट, म्हणजे खेळ चालवायचा प्रोग्राम, आता अनेक जण वापरतात. २०१८ मध्ये जॅगेक्सने तो बंद करायला सांगितलं आणि खेळाडूंच्या विरोधामुळे माघार घेतली. त्याच्यात कुठल्या दगडावर क्लिक करायची ते रंगवून दाखवता येतं, आणि क्वेस्ट हेल्पर नावाची जोड तर कामगिरीत पुढे कुठे जायचं, कुणाशी काय बोलायचं, सगळं बाणाने सांगते. दगड रंगवायला माझी हरकत नाही, डोळे थकतात. क्वेस्ट हेल्पर मी लावत नाही. ओल्ड स्कूलच्या कामगिऱ्या माणसांनी प्रेमाने लिहिलेल्या आहेत, आणि बाण दिसू लागला की संवाद वाचायचा राहून जातो.

लॅबमध्ये माझ्या शेजारी बसणारा मित्र आता टोरंटोत असतो. २०१८ मध्ये ओल्ड स्कूल मोबाइलवर आलं तेव्हापासून आम्ही दोघं पुन्हा खेळतो, त्याच्या सकाळी, माझ्या संध्याकाळी. प्रत्येक मतदानाआधी आमचा वाद होतो. "अरे, मला मुलीला शाळेत सोडायच्या आधी वीस मिनिटं मिळतात," तो म्हणतो, "त्यातली दहा चालण्यात घालवू का?" त्याचं बरोबर आहे. त्याच्या वीस मिनिटांना माझ्याकडे उत्तर नाही. मी त्याला एवढंच म्हणतो, "बाबा रे, चालायचं नसेल तर ते जग मोठं कसं वाटेल तुला?" कारण माझ्या मनातला तो नकाशा पायांनी तयार झालेला आहे. ड्रेनॉरपासून वॅरॉक किती दूर ते मला अजून शरीराने माहीत आहे. फेअरी रिंग या क्षणात दूर पोचवणाऱ्या जादूच्या वर्तुळातून उडी मारून जिथे गेलो त्या जागांची नावं मला आठवतात, दिशा आठवत नाहीत.

आमचं एकदाच एकमत झालं आणि तेही नवलाचं. सेलिंग, म्हणजे नौकानयन, हे नवं कौशल्य आणायचा प्रस्ताव २०१५ मध्ये ७५ टक्क्यांपर्यंत पोचला नव्हता आणि त्यानंतर ती खेळाडूंमधली जुनी थट्टा होऊन बसली होती. २०१९ मध्ये वॉर्डिंग नावाचं दुसरं कौशल्यही असंच पडलं. मग २०२३ मध्ये सेलिंग पुन्हा आलं आणि मंजूर झालं. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते खेळात उतरलं. बोट बांधायची, डागडुजी करायची, बंदराबंदरांत माल पोचवायचा, फुटलेल्या जहाजांतून सामान काढायचं, समुद्राचा नकाशा आपण भरत जायचा. ज्या खेळात जमिनीवरचं बहुतेक अंतर टेलिपोर्टने मिटलेलं आहे, त्या खेळाच्या लोकांनी बहुमताने नवं अंतर मागून घेतलं.

आणि दुसऱ्या माणसाच्या बोटीवर चढता येतं. आम्ही दोघं पोर्ट सरीमहून निघतो, एक जण सुकाणू धरतो, दुसरा शिडं आणि गळ सांभाळतो. त्याची वीस मिनिटं बऱ्याचदा समुद्रातच संपतात आणि कुठल्याच बेटावर पोचणं होत नाही. गेल्या आठवड्यात त्याने विचारलं, बोट थेट दूरच्या बंदराला नेणारा टेलिपोर्ट मतदानाला आला तर मी काय करेन. मी म्हटलं, नको म्हणून मत देईन. तो हो म्हणून देणार आहे. तेवढं बोलेपर्यंत त्याच्या मुलीची शाळेची वेळ झाली.